आईबाबांना खुलन्याला का नेले

आज एका साक्षगंधाच्या पंगतीत शेजारच्या परिचित गृहस्थांनी, ताटात वरण पडेपर्यंतही दम न धरता, मला विचारले, "गुरुजी, मायबापाले बांगलादेशात नेऊन पैसे काऊन वाया घातले? त्यापरीस दुबई दाखवली असती." आजूबाजूचे लोक हसले आणि यजमानांचा मान राखायचा म्हणून मीही हसलो. घरी आल्यापासून मात्र डोके तापलेले आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे घर तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. नव्या मित्रांसाठी सांगतो की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात ज्या वस्त्यांना लोक आजही 'बंगाली कॅम्प' म्हणतात, त्यांपैकी एका वस्तीत माझा जन्म झाला. 1964 च्या जानेवारीत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, खुलना आणि ढाका भागात दंगली उसळल्या, त्यानंतर आजोबा कुटुंब घेऊन सीमा ओलांडून आले, रायपूरजवळच्या माना छावणीत तंबूत राहिले आणि पुढे सरकारने त्यांना त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलात जमीन दिली. बाबा तेव्हा शाळकरी वयाचे होते, तर आई तिच्या घरच्यांबरोबर कडेवर बसून आली होती. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो आणि आता तशाच एका शाळेत मराठी शिकवतो.

दुबईशी माझे वैर नाही. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे, हे मी मुलांना वर्गात सांगतोच. पण तिथे बाबा काय झाले असते? पासपोर्टची पिशवी छातीशी धरून माझ्या मागे चालणारा एक म्हातारा माणूस. इथेही त्यांच्या वाट्याला तेच आले आहे. सातबाऱ्याच्या कामासाठी कुठल्याही कार्यालयात गेलो की बाबा बाकाच्या कडेला बसतात आणि बोलायचे ते मी बोलतो, कारण बाबांच्या तोंडी 'विहीर' अजूनही 'बिहीर' होते आणि टेबलामागचा माणूस हसतो. बाबांनी या मातीत उभे आयुष्य धान पिकवले, तरी बोलताना त्यांचा आवाज कायम खालच्या पट्टीतच राहिला.

आता बांगलादेशातले ऐका. खुलन्याकडच्या डुमुरिया भागातल्या एका खेयाघाटावर, म्हणजे जिथून नावेने नदी पार करतात त्या धक्क्यावर, नावाड्याने आम्हाला इंडियाचे पाहुणे म्हणून भाडे चढवून सांगितले. मी मुकाट्याने पाकीट काढले. बाबांनी माझा हात बाजूला सारला आणि त्या नावाड्याशी असे काही भांडायला सुरुवात केली की घाटावरचा चहावालाही उठून उभा राहिला. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांचे निम्मे बोलणे मला कळले नाही, कारण माझी बांगला घरातली, त्यातही गडचिरोलीचे पाणी प्यालेली. मी मध्ये तोंड घातले तेव्हा नावाडी बाबांना म्हणाला, "हा तुमचा मुलगा? मग असा कसा बोलतो?" बाबा त्याच्याबरोबर माझ्यावर हसले. पंगतीतल्या गृहस्थांना हे कसे सांगायचे, ते मला सुचले नाही.

लोकांचा दुसरा आवडता प्रश्न असतो की तिथे आता तुमचे उरलेच काय? घर उरलेले नाही, हे खरेच आहे. त्या जागेवर दुसरे कुटुंब माझ्या जन्माच्या आधीपासून राहते आणि आम्हाला अंगणात पाहून त्यांचे चेहरे उतरले, कारण इंडियातून कोणी आले की जमिनीवर हक्क सांगायलाच आले असणार, असे त्यांना वाटणे साहजिक होते. बाबांनी ते ओळखले. "जमीन मागायला आलो नाही, तळे पाहायला आलो आहे," असे त्यांनी चपला काढण्याआधीच सांगून टाकले. मग शहाळी आली, बाज आली, आणि तळ्याचा कोणता काठ पूर्वी कुठवर होता यावर बाबा आणि त्या घरातले आजोबा यांचा वाद दुपार उलटेपर्यंत चालला. घाटावरचाच तो मोकळा आवाज.

परत येताना चुकनगरला थांबलो. 20 मे 1971 रोजी भारताकडे निघालेले हजारो लोक तिथे एकत्र आले असताना पाकिस्तानी सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 1964 मध्ये जे निघाले नाहीत, त्यांच्यापैकी किती जण त्या गर्दीत असतील, हा हिशेब बाबा मनाशी करत होते. त्यांचे काही वर्गसोबती मागे राहिले होते. स्मारकापाशी बाबा काहीच बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

इथे मला खरा राग येतो तो 'तुम्ही मूळचे तिकडचेच ना' या वाक्याचा. हे वाक्य आपल्या गटातले, चवदा एप्रिलला माझ्या खांद्याला खांदा लावून मिरवणुकीत चालणारे लोकही सहज बोलून जातात. 1946 मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून, आणि त्यासाठी बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. मंडल नमःशूद्र, म्हणजे बंगालमधल्या एका दलित जातीचे होते आणि आम्हीही नमःशूद्र आहोत. तेव्हा तिकडचे असण्याबद्दल मला कोणी लाजवू नये. आणि आईबाबांनी आपले गाव एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणून त्यांचे मतदान ओळखपत्र किंवा त्यांनी खपून पिकवलेले शेत खोटे ठरत नाही.

खर्चाचा मुद्दा मान्य करतो, कारण टाळता येत नाही. मला मास्तरचा पगार आहे म्हणून जमले. धानाला भाव न मिळालेल्या माझ्या चुलतभावाला मी 'काकांना घेऊन जा' असे सांगणे शोभणार नाही.

आईचे प्रकरण वेगळे आहे. तिच्या माहेरचे गाव मादारीपूरकडे, आडियाल खाँ नदीच्या काठी होते. आम्ही विचारत विचारत गेलो तेव्हा लोकांनी थेट नदीच्या पात्राकडे बोट दाखवले, कारण तो काठ केव्हाच ढासळला होता. तिच्या आठवणीत ते गाव नव्हतेच, त्यामुळे ती रडेल की नाही याची मलाच धास्ती होती. ती पाण्याकडे पाहून एवढेच म्हणाली की चला, आता ओराकांदीला जाऊ. ओराकांदी हे मतुआ पंथाचे संस्थापक हरिचाँद ठाकूर यांचे ठिकाण, आम्हा मतुआ लोकांचे पंढरपूर. तिथे डंका वाजू लागला आणि माझी गुडघ्यांनी बेजार असलेली आई अनोळखी बायकांच्या रांगेत हात वर करून 'हरिबोल' म्हणत नाचली. बाबा मला म्हणाले, "तुझ्या आईला मी असे कधी पाहिले नव्हते."

हेच मला त्या पंगतीत सांगायचे होते. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलो तेव्हा तिकिटे माझ्या खिशात होती, रायपूर आले तेव्हा बाबा मध्यरात्री उठून खिडकीशी बसले, आणि सीमेवरचे पेट्रापोल ओलांडून पलीकडे बेनापोलला पाय ठेवला तिथून पुढे रस्ता विचारणे, भाडे ठरवणे, कुणाकडे जेवायचे आणि कुणाकडे नाही, हे सगळे बाबांनी ठरवले. मी सामान उचलले. घाटावर शेवटी नावाड्याने भाडे उतरवले, आणि बाबांनी उतरताना त्याच्या हातावर त्याने आधी मागितलेलेच पैसे ठेवले. मी कारण विचारले तर म्हणाले, भांडायचे होते.

2024 च्या पावसाळ्यात ढाक्यात सरकार कोसळले, कोलकाता-खुलना रेल्वेही बंद पडली आणि ही वाट अवघड झाली. आम्ही त्याआधी जाऊन आलो, हे नशीब. आईला आता चैत्रातल्या बारुणी स्नानाच्या मेळ्याला ओराकांदीला जायचे आहे, त्यामुळे व्हिसा सुरळीत झाला की आम्ही पुन्हा निघणार आहोत. आपल्या वस्त्यांमधल्या ज्यांचे आईवडील अजून चालते-फिरते आहेत, त्यांनी पासपोर्टचा अर्ज मात्र आत्ताच करून ठेवावा. जन्मस्थळाच्या रकान्यात पूर्व पाकिस्तानातले गाव दिसले की पडताळणीत प्रश्न निघतात, तेव्हा आजोबांच्या पेटीतले छावणीचे आणि नागरिकत्वाचे कागद आधी शोधा, त्यांच्या प्रती काढा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.