तिराना : बंकर नंतर बघा, आधी ‘पानांचं घर’

बाल्कनच्या पॅकेज टूरमध्ये तिरानाच्या वाट्याला बहुतेक वेळा एक दुपार येते. ओह्रिडहून निघायचं, शहराच्या मुख्य स्कंदरबेग चौकात उतरायचं, घोड्यावरच्या पुतळ्यासमोर फोटो, बंकरच्या घुमटाशी फोटो, जेवण, आणि बस माँटेनेग्रोच्या दिशेने. अल्बानियाची राजधानी अशी उरकणं मला मनापासून खटकतं. युरोपातली सगळ्यांत बंदिस्त कम्युनिस्ट राजवट जिथे चालली, तिथे ती समजून घेण्याच्या जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. फक्त त्या कोणत्या क्रमाने बघायच्या हे आधी ठरवावं लागतं. क्रम चुकला तर तिराना म्हणजे काँक्रीटचे गमतीदार घुमट आणि स्वस्त कॉफी, एवढंच लक्षात राहतं.

थोडी पार्श्वभूमी. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा १९४४ मध्ये सत्तेवर आला आणि एप्रिल १९८५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवरच होता. १९४८ मध्ये त्याने युगोस्लाव्हियाशी संबंध तोडले, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी फाटलं, १९७८ मध्ये चीनशीही. देशाला कोणी मित्रच उरला नाही. १९६७ मध्ये सगळ्या मशिदी आणि चर्च बंद झाली. खासगी मोटार बाळगायला बंदी होती. परवानगीशिवाय देश सोडणं हा देशद्रोह होता. आणि देशभर काँक्रीटचे बंकर उभे राहिले, दीड लाखाच्या वर. त्यांचा घुमट आखणारा लष्करी अभियंता योसिफ झगाली यालाही पुढे या राजवटीने तुरुंगात टाकलं.

बंकर बघून पाहुण्याला वाटतं, ही राजवट परकीय आक्रमणाला घाबरत होती. ते अर्धंच खरं आहे. परकं सैन्य कधी आलं नाही आणि ते बंकर युद्धासाठी कधी लागलेच नाहीत. ज्यांच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवलं गेलं ती देशातलीच माणसं होती. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवात ‘श्तेपिया ए ग्येथेवे’पासून, म्हणजे ‘पानांच्या घरा’पासून करावी.

स्कंदरबेग चौकापासून पाच मिनिटांवर, ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलच्या समोर हे दुमजली घर आहे. भिंतीवर वेल चढलेली, म्हणून हे नाव. १९३१ मध्ये ते प्रसूतिगृह म्हणून बांधलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात गेस्टापोने ते वापरलं आणि नंतर ते सिगुरिमी या गुप्त पोलीस खात्याकडे आलं. फोन ऐकणं, पत्रं उघडून वाचणं, घरांत मायक्रोफोन लपवणं, ही सगळी कामं इथून चालत. २०१७ मध्ये इथे संग्रहालय उघडलं आणि २०२० मध्ये त्याला कौन्सिल ऑफ युरोपचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. आत टेपरेकॉर्डर, ऐकण्याची यंत्रं, घरगुती वस्तूंत दडवलेले मायक्रोफोन आहेत. दीड तास तरी ठेवा. खोल्या लहान आहेत, मजकूर भरपूर आहे, आणि वीस-पंचवीस जणांचा गट एकदम शिरला की काहीच वाचता येत नाही. सकाळी दार उघडतानाच पोहोचावं. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयांच्या बाबतीत तो दिवस बेभरवशाचा असतो.

तिथून बाहेर पडून दक्षिणेला चालत गेलं की पंधरा मिनिटांत ब्लोकू. आज इथे कॅफे, बार, महागडी दुकानं आहेत. १९९१ पर्यंत या वस्तीत फक्त पक्षाचे वरिष्ठ नेते राहत आणि सामान्य तिरानावासीयाला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. होजाचा बंगला अजून उभा आहे. आता तिथे कलाकारांसाठी निवासी केंद्र झालंय, पण रस्त्यावरून बघितला तरी पुरतं. पानांच्या घरातून थेट इथे आलं की ऐकणारे कोण आणि ज्यांच्यासाठी ऐकलं जात होतं ते कोण, याचा नकाशा पायांखाली उलगडतो. ब्लोकूच्या कडेला, मुख्य बुलेव्हारवर ‘पोस्टब्लोक’ नावाचं छोटं स्मारक आहे. एक खराखुरा बंकर, बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा, आणि स्पाचच्या तुरुंगातल्या खाणीतले काँक्रीटचे आधारखांब. स्पाच ही तांबं आणि पायराइटची खाण होती, कैद्यांकडून सक्तमजुरीने चालवलेली. तिथे १९७३ च्या मे महिन्यात कैद्यांनी बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. बहुतेक पर्यटक बंकरमध्ये डोकावून पुढे जातात. त्या खांबांपाशी थांबा, तिरानातली सगळ्यांत जड वस्तू तीच आहे.

आता बंकर. ‘बंकआर्ट’ नावाची दोन संग्रहालयं आहेत आणि लोक त्यांत हमखास गोंधळतात. बंकआर्ट २ चौकाजवळ, गृहमंत्रालयाखाली आहे. त्याच्या दारावरचा घुमट संग्रहालयासाठी नव्याने बांधलेला आहे, जुना नव्हे. आत चोवीस खोल्या, आणि विषय पुन्हा गुप्त पोलीस आणि त्यांचे बळी. पानांचं घर नीट पाहिलं असेल तर इथे बरीच पुनरुक्ती होते. तिराना एका दिवसातच बघायची वेळ आली तर हे घ्या, कारण वेळ वाचतो.

दोन दिवस असतील तर मात्र बंकआर्ट १ सोडू नका. हे शहराच्या पूर्व टोकाला, दाय्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे. अणुयुद्ध झालं तर होजाने आणि सरकारने जमिनीखाली राहून कारभार करावा, म्हणून सत्तरच्या दशकात बांधलेला पाच मजली, शंभरावर खोल्यांचा बंकर. होजाची झोपायची खोली, पंतप्रधान मेहमेत शेहूची खोली, आणि जमिनीखाली चक्क सभागृह. शेहू १९८१ मध्ये मेला. सरकारने आत्महत्या म्हटलं आणि मेल्यावर त्यालाच देशाचा शत्रू ठरवलं. दुसऱ्या दिवशी हे सगळं बघताना, पहिल्या दिवशी पाहिलेल्या मायक्रोफोनांमुळे, त्या लाकडी फळ्यांनी मढवलेल्या खोल्यांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. क्रमाचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

तिथे जायला घड्याळाच्या मनोऱ्याजवळून पोर्सेलानकडे जाणारी शहर बस मिळते. तिकीट ४० लेक (‘लेक’ हे अल्बानियाचं चलन). आपल्या एसटीतल्यासारखा कंडक्टर आत फिरून पैसे घेतो. रोखच लागतात, आणि त्याच्यासमोर २,००० ची नोट काढू नका. ‘बंकआर्ट’ म्हटलं की तो योग्य ठिकाणी उतरवतो. आत उन्हाळ्यातही गार आणि दमट असतं, त्यामुळे जुलैतसुद्धा एक जाकीट हवं. अडीच तास लागतात. फलकांवर इतका मजकूर आहे की पहिल्या वीस खोल्या मन लावून वाचणारा माणूस सभागृहापर्यंत पोहोचेतो थकून जातो. युद्धकाळाच्या सुरुवातीच्या खोल्या भराभर करा आणि शक्ती शेवटच्या भागासाठी राखा. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. पायऱ्या आणि अरुंद बोळ भरपूर आहेत.

तिथूनच थोडं चालत दाय्तीची केबल कार आहे. वर जायला पंधरा-वीस मिनिटं, आणि वरून सगळं शहर, हवा स्वच्छ असेल तर पार समुद्राच्या दिशेपर्यंत दिसतं. पण मंगळवारी ती देखभालीसाठी बंद असते आणि जोरदार वारा सुटला तर कोणत्याही दिवशी थांबवतात. म्हणून बंकआर्ट १ आणि दाय्ती एकाच दिवशी जोडा, तो दिवस मंगळवार नको, आणि खाली यायची शेवटची वेळ तिकीट घेतानाच विचारून ठेवा.

शहरातल्या ‘पिरॅमिड’ नावाच्या इमारतीबद्दल थोडक्यात. होजाच्या मृत्यूनंतर, १९८८ मध्ये त्याचं स्मारक-संग्रहालय म्हणून हे उघडलं. आराखडा करणाऱ्यांत त्याची मुलगी प्रान्व्हेरा आणि जावई होते. तीनच वर्षांत राजवट कोसळली. मग अनेक वर्षं ते पडीक होतं आणि पोरं उतारावरून घसरगुंडी खेळत. २०२३ मध्ये नव्या रूपात ते उघडलं. उतारांवर पायऱ्या झाल्या आणि आत मुलांना तंत्रज्ञान शिकवणारं केंद्र आलं. चढायला पैसे पडत नाहीत. हुकूमशहाच्या नावाने बांधलेल्या इमारतीवर शाळकरी मुलं बसून डबा खातात, हे मला तिरानातलं सगळ्यांत उत्तम उत्तर वाटतं. पायऱ्यांवर सावली अजिबात नाही, तेव्हा सूर्य कलल्यावर जा.

चौकाकडे मात्र घाई न करता बघा. २०१७ पासून तिथे गाड्या नाहीत, आणि फरशीचे दगड अल्बेनियन भाषकांच्या वेगवेगळ्या प्रदेशांतून आणलेत. एतेम बे मशीद छोटी आहे, पण बाहेरच्या ओट्याच्या भिंतींवर झाडं, धबधबे, पूल रंगवलेत, इस्लामी वास्तूत असं सहसा दिसत नाही. १८ जानेवारी १९९१ रोजी अधिकाऱ्यांची परवानगी नसताना हजारो लोक इथे नमाजासाठी जमले. त्यानंतर साधारण महिन्याभराने, २० फेब्रुवारीला, याच चौकातला होजाचा पुतळा जमावाने पाडला. राष्ट्रीय इतिहास संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद ठेवलंय, त्यामुळे ते गृहीत धरून दिवस आखू नका. दर्शनी भिंतीवरचं भलंमोठं मोझेक बाहेरूनच बघण्यासारखं आहे. १९८१ च्या मूळ चित्रात झेंड्यावर लाल तारा होता, तो कम्युनिझम गेल्यावर काढून टाकला.

याच चौकाभोवती आता काचेचे मनोरे उगवताहेत आणि त्याचं मला दुःख आहे. १९३९ चं जुनं राष्ट्रीय नाट्यगृह वाचवायला कलाकार दोन वर्षांहून जास्त काळ लढले. १७ मे २०२० च्या पहाटे ते पाडलं. होजाच्या काळात जुना बाजार पाडून तिथे सांस्कृतिक भवन उभं केलं होतं आणि त्याची कोनशिला १९५९ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने बसवली होती. राजवटी बदलल्या तरी या शहरात पाडापाडी चालूच आहे. बुलेव्हारवरच्या, इटालियन वास्तुविशारदांनी आखलेल्या पिवळ्या-तांबड्या सरकारी इमारती बघून घ्या.

भारतीय वाचकाला एक धागा ओळखीचा वाटेल. विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या जन्मल्या स्कोप्येमध्ये, कुटुंब अल्बेनियन, आणि त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत. आई १९७२ मध्ये गेली, बहीण १९७३ मध्ये. जगभर ज्यांना दारं उघडी होती त्या मदर तेरेसांना होजाच्या राजवटीने या दोघींना भेटू दिलं नाही. त्यांना तिरानात पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये, दोघींच्या थडग्यांपाशी.

आता व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टवर वैध बहुप्रवेशी शेंगेन (बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक), अमेरिकन किंवा ब्रिटिश व्हिसा असेल आणि तो त्या देशात एकदा वापरलेला असेल, तर अल्बानियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. दोन्ही अटींवर माणसं अडतात. कोरा, न वापरलेला व्हिसा चालत नाही. आणि शेंगेन व्हिसा एकप्रवेशी असेल तर इटली किंवा ग्रीसमधून तिरानाला गेलात की परत शेंगेनमध्ये शिरता येत नाही, कारण अल्बानिया शेंगेनच्या बाहेर आहे. तिकीट काढण्याआधी नियमांची ताजी स्थिती तपासा. युरोपीय संघातलं सिमकार्डही तिथे ‘घरच्यासारखं’ चालत नाही, रोमिंगचा मोठा फटका बसतो. व्होडाफोन किंवा ‘वन’ (One) कंपनीचं स्थानिक सिम घ्या.

विमानतळ शहरापासून सतरा किलोमीटरवर, रिनासला. बस अर्ध्या-पाऊण तासात मध्यवस्तीत सोडते, साधारण ४०० लेक, रोख. टॅक्सीला २,०००-२,५०० लेक. बसण्याआधी भाडं ठरवा. एक युरो म्हणजे ढोबळमानाने १०० लेक. बऱ्याच एटीएमना प्रत्येक वेळी शुल्क पडतं, म्हणून एकदाच काढा, पण बेतानेच, कारण उरलेले लेक देशाबाहेर कोणी घेत नाही. ‘जुन्या लेक’ची गंमत आधीच समजून घ्या. १९६५ मध्ये चलनातून एक शून्य काढलं, तरी लोक अजून जुन्या हिशेबात बोलतात. भाजीवाल्याने किलोला २,००० सांगितले तर तो २०० मागतोय. फसवणूक नसते ती, फक्त नोट देण्याआधी आकडा लिहून दाखवायला सांगा.

शाकाहारी माणसाचं निभतं. ब्युरेकच्या, म्हणजे सारण भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीच्या, दुकानात पालकाचा किंवा ‘ग्यीझ’चा, म्हणजे मऊ चीजचा, मागा. तिरानाची खासियत फर्गेस, भोपळी मिरची, टोमॅटो आणि चीज एकत्र शिजवलेलं, पावाबरोबर मस्त लागतं. पण त्यात यकृत घालूनही करतात, तेव्हा ‘पा मिश’ म्हणजे मांस नको हे सांगाच. ‘ताव कोसी’त दही असलं तरी खाली कोकराचं मांस असतं.

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस झोडपतो. रेल्वे स्टेशन २०१३ मध्येच पाडलं, म्हणून पुढे बेरात, श्कोडर किंवा क्रुयाला बसनेच जायचं. दिशेनुसार बसचे तळ वेगळे आहेत आणि ते चौकात नाहीत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून ठेवा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या सकाळीच सुटतात.

आणि टूर कंपनीकडूनच जाणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. तिरानात मुक्काम आहे का, आणि कार्यक्रमात पानांचं घर आहे का. दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर तिराना वगळून मिळणारी सहल घ्या आणि तिरानाला स्वतंत्र दोन दिवस ठेवा.