उसना बर्फ

गेल्या आठवड्यात, सहलीच्या शेवटच्या दिवशी, स्मरणवस्तूंच्या एका दुकानात, गल्ल्यापुढच्या भर रांगेत एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या मुलाच्या तळहातावर पैसे ठेवले आणि ज्या कळवळ्याने ठेवले, तो पाहता या मुलाला आई नाही किंवा असून उपयोग नाही, असाच कुणाचाही समज झाला असता. आई शेजारीच उभी होती. हे लिहितानाही तिचे कान गरम आहेत.

पार्श्वभूमी फार मोठी नाही. मागच्या सुट्टीत मी मुलांना रोज थोडे थोडे पैसे देऊन पाहिले होते. तेव्हा दर संध्याकाळी त्यांची शिल्लक, उचल आणि एकमेकांची देणी यांचा ताळेबंद मलाच मांडत बसावे लागले. म्हणून यंदा ठरलेली रक्कम निघतानाच एकदम दिली आणि सांगितले, की पैसे तुमचे, निर्णय तुमचा, संपले की संपले, उचल मिळणार नाही आणि घेतलेली वस्तू ज्याच्या त्याच्या पाठपिशवीत मावली पाहिजे. अकरा वर्षांच्या थोरलीने पैसे पाकिटात घालून चेन लावली. सात वर्षांच्या धाकट्याने मात्र पहिल्याच दिवशी नाणे चपटे करून देणारे यंत्र गाठले. या यंत्रात एक नाणे चिरडून घ्यायचे असते आणि त्यासाठी वेगळी नाणी मोजायची असतात, म्हणजे पैसे देऊन स्वतःचाच पैसा निकामी करून घ्यायचा. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अशी लांबट नाणी आठवण म्हणून विकली गेली होती, तेव्हा ही फसवणूक निदान जुनी आणि प्रतिष्ठित आहे असे म्हणता येईल. माझ्या मुलाने तिच्यात चार वेळा भाग घेतला.

त्यामुळे शेवटच्या दिवशी, हलवल्यावर आत बर्फ पडणारा काचेचा गोळा त्याला आवडला, तेव्हा पैसे कमी पडणार हे उघड होते. चूक माझी एवढीच झाली, की मी त्याला तो गोळा हातात घेऊ दिला. कानेमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग देऊन टाकले होते. ज्यांना मग मिळाला, त्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत मागितली, ती न मिळालेले जी किंमत द्यायला तयार होते तिच्या सुमारे दुप्पट निघाली. वस्तू हातात आली की ती आपली होते आणि आपली झाली की ती अनमोल होते. हे दुकानदारांना त्या तिघांच्या आधीपासून माहीत असावे, कारण असे गोळे नेहमी सात वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवरच मांडलेले असतात.

"काय झाले बाळ, रडतोस का?" असे मागून कुणी तरी विचारले, ते हेच गृहस्थ. बाळ रडत नव्हते. तोवर फक्त त्याचा खालचा ओठ पुढे आला होता. प्रश्न ऐकल्यावर मात्र आपल्याला रडण्याचीही सोय आहे, हे त्याच्या लक्षात आले.

"पैसे थोडे कमी पडताहेत," मी म्हणाले, "पण आमचे आधीच ठरले आहे की..."

"किती कमी?"

"प्रश्न रकमेचा नाही."

"नसू दे. तरी किती?"

धाकट्याने आकडा सांगितला. शाळेच्या वहीत दर वजाबाकीला हातचा विसरणाऱ्या मुलाने ही वजाबाकी तोंडी, एका श्वासात आणि बिनचूक केली.

"एवढ्यासाठी?" हा प्रश्न गृहस्थांनी मला न विचारता मागे वळून रांगेला विचारला. रांगेने माझ्याकडे पाहिले.

मी शक्य तितक्या सभ्य आवाजात म्हणाले, की मुलांना हिशेबाची सवय लागावी असा आमचा प्रयत्न आहे. "सवयीचे मला सांगू नका, ताई," ते म्हणाले. "मी तीन मुले वाढवली. एकालाही कधी पैशाची किंमत कळू दिली नाही. आज तिघेही उत्तम आहेत."

"मधला अजून मागतो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"तो विषय वेगळा आहे," गृहस्थ म्हणाले. याच गृहस्थांनी दोन मिनिटांपूर्वी पत्नीच्या हातातली एक चिनी मातीची वाटी 'घरी काय कमी आहेत का' असे म्हणून परत ठेवायला लावली होती, हे मी पाहिले होते. त्यांच्या स्वतःच्या टोपलीत मात्र फ्रिजवर चिकटवायची अकरा चुंबके होती, अकराच्या अकरा एकसारखी.

"परदेशात एक प्रयोग झाला आहे," ते पुढे म्हणाले, कारण रांग हलत नव्हती. "मुलांपुढे मिठाई ठेवली आणि सांगितले, की थांबलात तर दोन मिळतील. जी मुले थांबली, ती पुढे मोठी झाली."

"म्हणजे मुलांना थांबायला शिकवावे, हेच ना?" मला एकदम बळ आले.

"नाही, नाही. तुमच्या लक्षात आले नाही. मुद्दा असा आहे, की शेवटी मिठाई मिळालीच पाहिजे."

या युक्तिवादाला उत्तर नाही. मला उत्तर सुचले ते रात्री बिछान्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या त्या प्रयोगांचा मोठ्या संख्येच्या मुलांवर आधारलेला फेरविचार 2018 साली प्रसिद्ध झाला आणि थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध, घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर, बराच फिका पडला, असे मी त्यांना सुनावणार होते. मग लक्षात आले, की घरची परिस्थिती म्हणजे पुन्हा मीच. कोणत्याही बाजूने मोजले तरी बाकी आईच्याच नावावर निघते.

तोवर इकडे पैसे त्याच्या तळहातावर पडले होते. "हे फुकट नाही बरे का," गृहस्थ त्याला गंभीरपणे म्हणाले. "हे कर्ज आहे. मोठा झालास की तुझ्यापेक्षा लहान अशा कुणाला तरी एवढेच पैसे दे. फिटले." मी घाईने पाकीट काढून तेवढीच रक्कम त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी उजवीकडून गेले, ते डावीकडे वळले. एका ज्येष्ठ नागरिकाच्या मागे पैसे घेऊन टोप्यांच्या मांडणीभोवती एक पूर्ण फेरी मारल्यावर मी थांबले, कारण रांगेतल्या एका मुलीने फोन वर धरला होता. मी परत आले तेव्हा गोळ्याला कागद गुंडाळून झाला होता.

माझे यजमान हा सर्व वेळ बाहेर पिशव्या सांभाळत उभे होते. सगळा वृत्तांत ऐकून ते म्हणाले, "दिले असतेस थोडे." हे मला त्या गृहस्थांच्या व्याख्यानापेक्षा जास्त लागले. नियम आम्ही दोघांनी ठरवले होते. त्या रांगेत ते उभे असते, तर लोकांना शिस्तीचे वडील दिसले असते आणि कुणी त्यांच्या मुलाच्या हातावर पैसे ठेवायला धजावले नसते. मी उभी होते, म्हणून कंजूष आई दिसली. सहलीत मुलांना 'नाही' म्हणण्याचे खाते प्रत्येक घरात एकाच व्यक्तीकडे असते आणि त्या व्यक्तीचा एकही हसरा फोटो निघत नाही. थोरलीने तर थेटच विचारले, "मी पैसे वाचवले, त्याचे मला काय मिळाले?"

"तुझे पैसे तुझ्याकडे राहिले."

"ते होतेच माझ्याकडे," ती म्हणाली.

या गोळ्याचा उगमही मी नंतर शोधला, कारण राग आला की मी वाचते. व्हिएन्नातले एर्विन पेर्झी हे शस्त्रक्रियेची उपकरणे तयार करीत. 1900 च्या सुमारास दिव्याचा उजेड वाढावा म्हणून त्यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही, पण रवा बर्फासारखा हलके हलके खाली बसला आणि त्या फसलेल्या प्रयोगावर त्यांच्या घराण्याचा कारखाना आजही चालतो. म्हणजे माझा मुलगा एका परक्या माणसाचा कर्जदार झाला, तो बाटलीभर पाणी आणि चिमूटभर रव्याच्या कल्पनेपायी.

आणि त्या पाण्यानेच घात केला. वस्तू स्वतःच्या पाठपिशवीतच मावली पाहिजे, हा नियम माझाच. त्यामुळे गोळा मोठ्या सामानात न जाता धाकट्याच्या पाठीवर बसून विमानतळाच्या सुरक्षा तपासणीपर्यंत आला. 2006 च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठा द्रवाचा डबा नेण्यावर अनेक ठिकाणी बंदी आहे आणि बर्फाचा गोळा हा कायद्याच्या दृष्टीने द्रवाचा डबाच असतो. तपासनीस बाईंनी तो उजेडाकडे धरला, एकदा हलवला, बर्फ पडू दिला आणि मग बाजूच्या खोक्यात ठेवला. मला वाटले, आता आकांत होणार. मुलगा शांत राहिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तपासणीच्या पलीकडे, अपेक्षेप्रमाणे, आणखी एक दुकान होते. धाकटा थोरलीजवळ गेला.

"ताई, तू मोठी झाली आहेस ना?"

"हो. का?"

"त्या आजोबांनी सांगितले होते. मोठे झाल्यावर लहान असलेल्या कुणाला तरी तेवढेच पैसे द्यायचे."

"ते त्यांनी तुला सांगितले होते."

"हो, पण लहान तर मीच आहे," तो म्हणाला.

थोरलीने पाकिटाची चेन ओढून पाहिली. ती बंदच होती.