शिक्षा संपते, पण साक्षांकन नमुन्यातला तो प्रश्न संपत नाही

बांधावरून मारामारी झाली आणि फिर्याद लिहायची वेळ आली, की आमच्या भागात एक गोष्ट हमखास घडते. समोरच्या घरात भरतीची तयारी करणारं पोरगं असेल तर त्याचं नाव आधी घालतात. त्या दिवशी तो पुण्यात अभ्यासिकेत बसलेला असला तरी घालतात. बापावर केस झाली तर बाप तारखा करेल, पण पोरावर झाली तर त्याची नोकरी जाईल, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. गुन्हा शाबित होतो की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

मी तालुका कोर्टात वकिली करते. पोलीस भरतीची निवड यादी लागली की अशी पोरं कागद घेऊन येतात. बहुतेकांची केस एकाच साच्याची असते: दंड संहितेची कलमं ३२३, ५०४, ५०६, ३४, म्हणजे मारहाण, शिवीगाळ, धमकी आणि हे सगळं मिळून केलं. नव्या न्याय संहितेत आकडे बदलले, ११५, ३५२, ३५१ आणि ३(५) झाले, भांडणं तीच राहिली. दोन-तीन वर्षांनी घरची माणसं एकत्र बसतात, लोकअदालतीत तडजोड होते आणि केस मिटते. कायद्याने अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो. पोरगं घरी जातं, पुन्हा पहाटे पळायला लागतं.

मग हातात साक्षांकन नमुना येतो, म्हणजे नेमणुकीआधी पूर्वेतिहास विचारणारा फॉर्म. त्यात विचारलेलं असतं: आपणांस कधी अटक झाली होती का, आपणांवर कधी खटला चालला होता का, बंधपत्र घेतलं होतं का, दंड झाला होता का? या प्रश्नातल्या 'कधी' या शब्दाला मुदत नाही. घरात कुणीतरी सांगतं, "केस मिटली ना, मग नाही लिही." पोरगं 'नाही' लिहितं. पडताळणीत पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला नाव सापडतं आणि निवड रद्द होते. कारण दिलेलं असतं, 'माहिती लपवली'. म्हणजे जी केस त्याला बुडवू शकली नसती, ती त्या दोन अक्षरांनी बुडवते.

म्हणून हात जोडून सांगते, लिहा. विचारलं असेल तर खरं लिहा. केस नंबर, कोर्ट, निकालाची तारीख, सगळं लिहा आणि निकालाची प्रत जोडा.

हे सांगताना माझ्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा अवतार सिंग निकाल असतो. तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तेव्हा या सगळ्या गोंधळाची नीट घडी बसवली. माहिती खरी द्यावी लागेल, हे पहिलं. पण लपवलेली गोष्ट अगदी किरकोळ असेल, तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखी, तर नेमणूक करणाऱ्या साहेबांना सारासार विचार करून तिकडे दुर्लक्ष करता येतं. प्रश्न मोघम असेल तर न विचारलेल्या गोष्टीसाठी उमेदवाराला धरता येत नाही. आणि माणूस सेवेत कायम झाला असेल, तर माहिती लपवली म्हणून काढण्याआधी विभागीय चौकशी करावीच लागते. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक करेन: खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असा हक्क नाही. पूर्वेतिहास तपासायचा अधिकार मालकाकडे राहतोच. हक्क आहे तो डोकं वापरून, कारण देऊन, तुमच्या प्रकरणापुरता निर्णय मिळण्याचा. प्रत्यक्षात मी जे आदेश वाचते त्यांतले कितीतरी एकाच छापाचे असतात, फक्त नाव बदललेलं. असा आदेश आला तर गप्प बसू नका. आव्हान द्या.

आता ज्यांच्यावर गुन्हा खरंच शाबित झाला त्यांच्याबद्दल. इथे लोक पोस्ट वाचायची सोडून पुढे जातील, मला माहीत आहे. वाचा, एवढीच विनंती.

दिल्ली दूध योजनेत शंकर दास नावाचे कॅश क्लार्क होते. १९६० च्या दशकातली गोष्ट. ५०० रुपयांचा अपहार. घरात मृत्यू आणि आजारपणं एकामागून एक आलेली. त्यांनी पैसे परत भरले, कोर्टात गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटने परिस्थिती पाहून तुरुंगात न पाठवता परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलं. सरकारने मात्र शिक्षा झाली या एकाच कारणावर बडतर्फ केलं. संविधानाच्या कलम ३११ मध्ये तशी सोय आहे: फौजदारी शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला नेहमीची चौकशी न करता काढता येतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचून निकाल लागला १९८५ मध्ये. निकाल दिला आपल्या यशवंतराव चंद्रचूडांनी. ते म्हणाले, काढण्याचा अधिकार आहे, पण तो न्यायाने आणि विवेकाने वापरायचा आहे. तो कसाही वापरायला दिलेला नाही. शंकर दास यांना मागच्या पगारासह परत घ्या, असा आदेश झाला. वीस वर्षं गेली होती.

या निकालात एक बारीक मुद्दा आहे, तो पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात राहत नाही. परिवीक्षा कायद्याचं कलम १२ सांगतं की शिक्षेमुळे कायद्याने येणारी अपात्रता अशा माणसाला लागणार नाही. पण म्हणून गुन्हा पुसला जात नाही, खात्याला कारवाई करता येतेच. पोरांना कुणी 'कलम १२ आहे, काही होत नाही' असं सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं ते एक वाक्य: "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." पत्त्यांच्या डावात सापडलेला, चौकात आरडाओरडा केलेला, रात्री पकडलेला. वय वीस-एकवीस. कामाचा दिवस मोडायला नको म्हणून दोन-पाचशे दंड भरून तो दुपारपर्यंत घरी येतो. ती शिक्षा असते. कागदोपत्री दोषसिद्धी. त्याला ती दंडाची पावती वाटते. कोर्टात उभं राहून 'कबूल' म्हणण्याआधी, नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या कुणीही वकिलाला एकदा विचारावं. तालुका विधी सेवा समितीकडे महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, यांना फुकट वकील मिळतो.

पारधी वस्तीवरच्या पोरांचं तर वेगळंच. त्यांच्या आजोबांना इंग्रजांच्या १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण परिसरात चोरी झाली की आजही आधी वस्तीवर गाडी जाते. सणावाराला, निवडणुकीला चॅप्टर केस होते, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच प्रतिबंधक कारवाई, आणि शांत राहण्याचं बंधपत्र घेतलं जातं. त्यातला एखादा शिकून सुरक्षारक्षकाच्या नोकरीला गेला, की चारित्र्य पडताळणीत हे सगळं वर येतं. त्याने केलेलं काय आणि त्याच्यावर लिहिलेलं काय, हे वेगळं करून बघायला कोणाला वेळ नसतो.

खासगी कंपन्यांत आता पडताळणीचं काम एजन्सीकडे असतं. त्या कोर्टाच्या संकेतस्थळांवर नाव टाकून शोधतात. आपल्याकडे एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची माणसं एका तालुक्यात सापडतात. चुकीच्या माणसाची केस तुमच्या नावावर दाखवली गेली असेल, तर अहवालाची प्रत लेखी मागा आणि तुमचा जन्मदाखला, पत्ता देऊन लेखीच खुलासा करा. तोंडी बोलणं कुठेही टिकत नाही. केस चालू असताना कामगाराला निलंबित करून चौकशी लावली, तर निर्वाह भत्ता मिळायला हवा: पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढे विलंब तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित मानला जातो, पण निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. वयाच्या अठराच्या आत घडलेल्या गोष्टीसाठी बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे, त्याने अशी अपात्रता लागत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या अशा मुलांचा, ज्यांच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालला.

माझं खरं म्हणणं पुढचं आहे. आपल्या देशात जुन्या शिक्षेला मुदतच नाही. बँकिंग नियमन कायद्यात लिहिलंय, 'नैतिक अधःपतना'च्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बँकेने नोकरीत ठेवायचं नाही. किती वर्षांपूर्वीची, ते लिहिलेलं नाही. नैतिक अधःपतन म्हणजे नेमकं काय, त्याचीही कायद्यात व्याख्या नाही. उलट दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला पुढारी सुटल्यावर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी गुन्हे असल्याचं शपथपत्रात सांगितलं. त्यांना कुणी संधी नाकारली नाही. मग बँकेतल्या शिपायाला सहा वर्षांची का होईना, मुदत का नाही?

ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. ठरावीक काळ नवा गुन्हा न करता गेला की जुनी शिक्षा 'संपलेली' धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. एक वर्षापर्यंतच्या कैदेसाठी २०२३ पासून हा काळ शिक्षा पूर्ण झाल्यावर एक वर्ष आहे. लहान मुलं, रुग्ण यांच्याशी संबंधित कामांना ही सूट नाही, आणि ते योग्यच आहे. बालकांवरच्या अत्याचारात शिक्षा झालेला माणूस शाळेत नको, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. माझ्याही लेकी शाळेत जातात. पण बांधावरची मारामारी आणि पोलीस शिपायाची भरती, पत्त्यांचा डाव आणि गोदामातली नोकरी, यांचा संबंध काय, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आपल्या आमदार-खासदारांना हे लिहून पाठवा. आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायला सरकार तयार होतं, कोविडमधले कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे मागे घ्यायचा निर्णयही झाला होता, कारण पोरांच्या नोकऱ्या अडत होत्या. जे एका जीआरने करता येतं, ते कायद्याने सगळ्यांसाठी करता येईल.

तोवर ज्यांची केस कधीतरी झाली आहे त्यांनी हे एक काम उद्याच करा: कोर्टात नकलेसाठी अर्ज द्या आणि निकालाच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. जुनी रेकॉर्ड नष्ट होतात आणि पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला फक्त गुन्हा नंबर उरतो, निकाल उरत नाही.