वायफायचं नाव लपवून काही साधत नाही

"सोसायटीत लॅपटॉप आणि जीपीएस लावलेली गाडी फिरते. वायफायचे पासवर्ड, ओटीपी उचलतात, नकाशावर घर नेमकं टिपतात. आजच वायफायचं नाव लपवा." हा फॉरवर्ड वाचून मावशीने राउटरवाल्याला बोलावून नाव लपवूनही घेतलं. कमाल आहे.

ओटीपीचा एसएमएस सहसा मोबाइलच्या टॉवरवरून येतो, राउटरवरून नाही. विषय संपला.

पासवर्डचं बघू. असा नकाशा करणारे लिनक्सवर किस्मेट नावाचा, आसपासची वायफाय टिपणारा प्रोग्रॅम चालवतात. वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये असतं, म्हणजे फक्त ऐकतं. राउटर साधारण दर 102.4 मिलिसेकंदाला बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा छोटा संदेश, सोडतो. त्यात नाव, बीएसएसआयडी (राउटरचा ओळख क्रमांक), चॅनल, सुरक्षेचा प्रकार असतो. पासवर्ड नसतो. त्याला जीपीएसडीकडून, म्हणजे जीपीएस वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडून, आलेले अक्षांश-रेखांश जोडले की झाला नकाशा.

आता नाव लपवण्याचा शहाणपणा. लपवलं तरी बीकन जातोच, नावाची जागा तेवढी रिकामी. बीएसएसआयडी उघडाच राहतो, म्हणजे नकाशावर ठिपका पडायचा तो पडतोच. घरातला एखादा फोन जोडला गेला की त्या देवाणघेवाणीत नाव उघडं जातं आणि किस्मेट रिकामी जागा भरून टाकतं. वर आणखी एक: लपवलेलं नेटवर्क बीकनवरून ओळखता येत नाही, म्हणून फोनला ते नाव घेऊन हाका माराव्या लागतात, बाजारात, स्टेशनवर, कुठेही. जे झाकायचं होतं तेच मावशी आता गावभर सांगत फिरणार!

"घर नेमकं टिपतात" हेही फुगवलेलं. जीपीएस लॅपटॉपची जागा सांगतं, राउटरची नाही. कार्ड एका वेळी एकच चॅनल ऐकतं, म्हणून किस्मेट सेकंदाला पाच चॅनल बदलतं, 2.4 गिगाहर्ट्झचे 13 चॅनल फिरायला अडीच सेकंद लागतात. ताशी 40 किमीने गाडी तेवढ्यात 25-30 मीटर पुढे जाते. एकाच रस्त्यावरून फेरी मारली तर सगळे ठिपके रस्त्यावरच. चौथा मजला की तळमजला, तेही कळत नाही.

बरं, थोडं खरं आहे. 2010 मध्ये गूगलने कबूल केलं की रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या त्यांच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी उघड्या वायफायवरचा मजकूरही साठवला होता. पण उघड्या, म्हणजे बिनपासवर्डाच्या. डब्ल्यूपीए2 या पासवर्डवाल्या वायफाय सुरक्षेवर फोन जोडला जातानाचा हँडशेक, म्हणजे ओळख पटवणारे संदेश, पकडून नंतर घरी बसून पासवर्ड ताडता येतो, हेही खरं. मोबाइल नंबरच पासवर्ड असेल तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते फार तर काही तासांचं काम. तेव्हा नाव पुन्हा दिसू द्या आणि तो नंबर काढून चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड टाका.