'जुगार' म्हणालात म्हणून

कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची सोय, नसलेल्या ठिकाणी कोविड रुग्णाला हार्ट अटॅक आला तर काय करायचं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एका हृदयरोगतज्ज्ञांची प्रतिक्रिया आली. रक्ताची गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेज सलाइनमधून द्यायचं लिहिलंय ते चूक, कोविडमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या थांबवू नका याबद्दल मी फारच ठाम आहे, आणि मग हे वाक्य: 'अँजिओग्राफी न करता कोविडच्या रुग्णाला गाठ विरघळवणारं इंजेक्शन देणं हा दुसऱ्याच्या जिवावर खेळलेला जुगार आहे.'

पहिलं मान्य. टेनेक्टेप्लेज वजनानुसार मोजून शिरेतून एकदाच देतात, काही सेकंदांत. तासभर चालतं ते स्ट्रेप्टोकायनेज, गाठ विरघळवणारं दुसरं औषध, 15 लाख युनिट. लिहिताना माझी गफलत झाली. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता जुगार. डॉक्टरसाहेब, चूक दाखवायला माझी कधीच ना नाही, पण हा शब्द तुम्ही कुणाला वापरताय याचा क्षणभर तरी विचार केलात का? मी 19 वर्षं कॅथलॅब नसलेल्या रुग्णालयात काम करतोय. 2021 मधली एक रात्र सांगतो. बावन्न वर्षांचे गृहस्थ, ऑक्सिजन 88, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. फेसशील्डवर वाफ धरली होती, म्हणून ईसीजीची पट्टी दिव्याखाली तिरकी धरून वाचावी लागली. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये (ईसीजीच्या वेगवेगळ्या दिशांच्या नोंदी) एसटी हा रेषेचा भाग वर चढलेला, समोरच्या एक आणि एव्हीएलमध्ये खाली गेलेला, म्हणजे हार्ट अटॅकची खूण. कॅथलॅब असलेल्या केंद्राला फोन केला. उत्तर आलं, आधी आरटीपीसीआरचा रिपोर्ट, मग बेड. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता!

पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडचं ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं त्यांच्या मुलाला विचारून घेतलं. धोका समजावला, सही घेतली, इंजेक्शन दिलं. दीड तासाने काढलेल्या पट्टीत एसटी निम्म्याहून जास्त खाली आला होता. 'कळ थांबली,' एवढंच ते म्हणाले आणि झोपले. याला तुम्ही जुगार म्हणता? सुसज्ज विभागात बसून हा शब्द लिहायला काही लागत नाही.

कोविडमध्ये मायोकार्डायटिसमुळेही (हृदयाच्या स्नायूला सूज) ईसीजी तसाच दिसू शकतो, हे तुम्ही मला शिकवायची गरज नव्हती. 2020 मध्ये इटलीत, लोम्बार्डीतल्या असा ईसीजी असलेल्या 28 कोविड रुग्णांपैकी 11 जणांच्या अँजिओग्राफीत अडथळा सापडला नाही, हे माझ्याच लेखात आहे. म्हणून तर लिहिलं की समोरच्या लीड्समध्ये एसटी खाली गेलाय का ते बघा, इको मशीन असेल तर हृदयाचा एकच भाग मंद हलतोय का ते बघा, शंका असेल तर हात आवरा. लेख पूर्ण वाचलात का? आणि त्याच 28 मधल्या उरलेल्या 17 जणांना अडथळा होता. त्यांनी कुणाची वाट बघायची होती?

अँजिओप्लास्टी, म्हणजे नळी घालून अडथळा उघडणं, सरस आहे, याबद्दल वाद नाही. पण पहिल्या ईसीजीपासून 120 मिनिटांत ती होणार नसेल आणि दुखणं सुरू होऊन 12 तास उलटले नसतील, तर हे इंजेक्शन द्या, हा नियम कोविडच्या आधीपासूनचा आहे. तो मी शोधलेला नाही. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो, हेही लपवलेलं नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांवर फार बोलत नाही. ब्राझीलमध्ये एसीई इनहिबिटर किंवा एआरबी प्रकारच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या 659 कोविड रुग्णांचे दोन गट केले, एकाच्या या गोळ्या थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. फरक पडला नाही. माझ्यापुरता विषय संपला.

तुमच्या केंद्रात रिपोर्टशिवाय, रात्री दोन वाजता असा रुग्ण घेत असाल तर ते इथेच खाली लिहा. दोन तासांच्या आत तो तुमच्या टेबलावर पोचत असेल, तर इंजेक्शन फोडण्याआधी मी तुम्हाला फोन करीन.