खुलासा : ट्रम्प यांना लिबर्टेरियन पक्षाची उमेदवारी मिळाली नव्हती

२०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाबरोबरच अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षानेही (व्यक्तिस्वातंत्र्य आणि कमीत कमी सरकार यांचा पुरस्कार करणारा छोटा पक्ष) डोनाल्ड ट्रम्प यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, असा दावा त्यांच्या भाषणाची क्लिप जोडून फिरवला जातो. तो खोटा आहे.

भाषण झाले, हे खरे. मे २०२४ मध्ये वॉशिंग्टनला पक्षाचे अधिवेशन भरले होते आणि ट्रम्प तिथे पाहुणे वक्ते होते. पण प्रतिनिधींनी त्यांची जोरदार हुर्यो उडवली. क्लिपमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो. उमेदवारीसाठी लागणारी कागदपत्रे त्यांनी भरलीच नव्हती, त्यामुळे ते अपात्र ठरले. तेव्हा अपक्ष म्हणून अध्यक्षपदासाठी लढणारे रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचे नाव मात्र रीतसर पुढे आले आणि पहिल्याच फेरीत बाद झाले.

खरी चुरस दुसरीकडेच होती. सहा फेऱ्या झाल्या तरी कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळेनात. सातव्या फेरीत पक्षाचेच एक इच्छुक चेस ऑलिव्हर आणि ‘नोटा’ एवढेच पर्याय उरले. ऑलिव्हर सुमारे ६० टक्के मतांनी जिंकले. एकच उमेदवार समोर असतानाही एक तृतीयांशाहून अधिक मते ‘नोटा’ला गेली, पक्षातली फूट इतकी खोल होती. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर या पक्षातर्फे ऑलिव्हर यांचेच नाव होते.