साठी बुद्धी नाठी नव्हे, पण शिखरही नव्हे

निवृत्त माणसांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर हा संदेश येऊन गेलेला असतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतो. आशय असा: अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानुसार माणसाची सर्वांत उत्पादक वर्षं ६० ते ७०, त्याखालोखाल ७० ते ८०, मग ५० ते ६०. पुरावा म्हणून नोबेल विजेत्यांचं सरासरी वय ६२, मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचं ६३, पोपचं ७६. शेवटी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, ७०, ३८९ (२०१८)' असा भारदस्त हवाला.

मला साठी ओलांडून आठ वर्षं झाली. वाचून दोन मिनिटं मलाही बरं वाटलं, हे आधीच कबूल करतो.

हवाला आधी उरकून टाकू. असा अभ्यास त्या नियतकालिकात छापलेलाच नाही. २०१८ साली त्याचे ३७८ आणि ३७९ हे खंड निघाले. ७०वा खंड निघाला तेव्हा एकोणिसावं शतक चालू होतं, आणि त्या नियतकालिकाला आजचं नावही नव्हतं. ते मिळालं १९२८ मध्ये.

नोबेलचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण आकडा पटण्यासारखा वाटतो. पण काम कोणत्या वयात झालं? पेटन राऊस यांनी कोंबड्यांमधला एक कर्करोग विषाणूमुळे होतो हे १९११ मध्ये दाखवलं, तेव्हा ते ऐन तिशीत होते. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यातली जागा बदलणारी जनुकं सापडली ती चाळिशीत. पारितोषिक आलं १९८३ मध्ये, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. म्हणजे ६२ हा आकडा खरा धरला, तरी तो प्रतिभेचं नव्हे, समितीच्या सवडीचं वय सांगतो. पोपबद्दल काय बोलायचं? त्या पदावर माणूस बसतोच उतारवयात आणि सहसा मरेपर्यंत राहतो. आजोबांचे केस पांढरे असतात, म्हणून नातवंडं झाली की केस पिकतात, असं म्हणण्यातलाच हा प्रकार.

या संदेशाचं एक भावंडही फिरतं: साठीनंतर मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, कैक पटींनी वाढतं आणि बुद्धीला धार येते. खरं तर उलट आहे. या मायलिनमुळेच पांढरा दिसणारा मेंदूचा भाग मध्यमवयात सर्वाधिक असतो आणि पुढे हळूहळू घटतो.

मग 'साठी बुद्धी नाठी' हेच खरं? तेही नाही. जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्मीन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वयात बहरतात. विचाराचा वेग विशीच्या आसपासच सर्वोच्च असतो, तर शब्दसंग्रह थेट साठीच्या उत्तरार्धापर्यंत वाढत राहतो. माझा अनुभवही तसाच. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं, पण तो काय सांगायचं टाळतोय ते पूर्वीपेक्षा लवकर कळतं.

माझा खरा राग आहे तो 'उत्पादक' या शब्दावर. नोकरी सुटली तरी हजेरीपट सुटला नाही म्हणायचा! माझा एक मित्र एकाहत्तरचा आहे, दोन्ही गुडघे गेलेले. हा संदेश वाचून त्याने मला विचारलं, "मग माझंच काय चुकलं रे?"

काही चुकलेलं नाही. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सांगितलं, हे रोप तुम्ही निवडा, तुम्हीच सांभाळा, दिवस कसा घालवायचा तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही आणि सजग दिसला. कोणी शिखरावर पोहोचलं नव्हतं. त्यांच्यावाचून अडणारं काहीतरी त्यांच्या हाती होतं, इतकंच. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बॉईल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नऊशेहून अधिक वृद्धांवरचा अभ्यास मांडला. ज्यांना जगण्यात हेतू वाटत होता, त्यांची अल्झायमरपासून दूर राहण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. मात्र हे औषध समजू नये. नकळत सुरू झालेल्या आजारामुळेच हेतू विरत असेल, अशीही शक्यता उरते.

अठराव्या शतकातल्या इंग्रज कलावंत मेरी डिलेनी यांनी दुसऱ्या पतीच्या मृत्यूनंतर, बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास, रंगीत कागद कापून फुलं चिकटवायला घेतली. दहा वर्षांत जवळजवळ हजार फुलं झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मग दृष्टी अधू झाली आणि त्या थांबल्या. संदेशातल्या हिशेबाने तो त्यांचा 'बहराचा' काळ. डोळ्यांना ते कोणी कळवलं नव्हतं.

तो माझा मित्र दर मंगळवारी शेजारच्या एका बाईंना कादंबरी वाचून दाखवतो. त्यांना आता दिसत नाही. गेल्या मंगळवारी त्याला ताप होता, तर त्याने फोनवरून वाचली. तिसऱ्या पानावरच त्यांना झोप लागली होती, हे त्याला कळलं सोळाव्या पानावर.